फॉर्मवरचा रिकामा रकाना

बुरशीच्या तपासणीसाठी नमुना आला की मी बाटलीच्या आधी सोबतचा फॉर्म उघडते. नाव, वय, नमुना कशाचा, आणि त्याखाली 'क्लिनिकल माहिती' हा रकाना. तिथे बहुतेक वेळा 'ताप' एवढंच लिहिलेलं असतं, कधी 'फंगस?' आणि पुष्कळदा काहीच नसतं. मग मी वॉर्डात फोन लावते आणि निवासी डॉक्टरांना नेहमीचे प्रश्न विचारते. न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आहेत? स्टेरॉइड चालू आहे का, कधीपासून? साखर किती, लघवीत कीटोन आहेत का? एचआयव्ही असेल तर सीडी४ (हा विषाणू ज्या टी पेशी मारतो त्या) किती? प्रत्यारोपण झालंय? सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, आहे? सोरायसिस किंवा संधिवातासाठी कुठलं बायोलॉजिक इंजेक्शन घेतात का? पलीकडचा डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्युटीवर असतो. तो कधीकधी म्हणतो, "मॅडम, हे सगळं कशाला? बुरशी आहे की नाही तेवढं सांगा ना."

या 'कशाला'चं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून आज इथे लिहिते आहे. माझी खात्री आहे, आणि इतकी वर्षं मायक्रोस्कोपवर बसल्यावर ती वाढतच गेली आहे, की शरीरात शिरलेल्या बुरशीच्या आजारात रुग्णाच्या प्रतिकारशक्तीतला नेमका कुठला भाग निकामी झालाय हे कळल्याशिवाय निदान होत नाही. कुठली बुरशी शोधायची, कशात शोधायची, आणि तपासणी निगेटिव्ह आली तर तिच्यावर किती विसंबायचं, हे सगळं त्या रिकाम्या रकान्यावर ठरतं.

नखांना किंवा त्वचेला होणाऱ्या बुरशीबद्दल मी बोलत नाहीये. रक्त, फुप्फुस, मेंदू, सायनसची हाडं, इथे पोचणाऱ्या बुरशीबद्दल बोलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२मध्ये पहिल्यांदाच घातक बुरशींची प्राधान्ययादी काढली. तीत १९ नावं आहेत आणि सगळ्यांत वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कँडिडा अल्बिकन्स. बुरशीजन्य आजारांचे तज्ज्ञ डेव्हिड डेनिंग यांनी २०२४मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ६५ लाख लोकांना असे संसर्ग होतात. अंदाजच आहे तो, कारण अनेक ठिकाणी तपासणीच होत नाही.

यातली गंमत नव्हे, खरी विलक्षण गोष्ट अशी की अ‍ॅस्परजिलस आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. त्याचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे असतात, त्यामुळे ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळून टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सुप्त बीजाणूवर रॉडए नावाच्या प्रथिनाचं एक आवरण असतं. ते असेपर्यंत प्रतिकारशक्ती शांत राहते, आणि राहायलाच हवी. दर श्वासाला फुप्फुसात दाह झाला असता तर आपण जगलोच नसतो. बीजाणू फुगून रुजायला लागला की ते आवरण सुटतं आणि खालच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन उघडं पडतं. पेशींवरचं डेक्टिन-१ हे ग्राहक प्रथिन नेमकं तेच ओळखतं. गॉर्डन ब्राउन आणि सियामन गॉर्डन यांनी २००१मध्ये ते दाखवून दिलं. तिथून पुढे न्यूट्रोफिल धावून येतात. एखादा बीजाणू मॅक्रोफेज गिळू शकते, पण वाढलेला लांब धागा कोण गिळणार? त्याला न्यूट्रोफिलच हवेत. ते धाग्याला चिकटून विषारी ऑक्सिजन रेणूंचा मारा करतात.

आपल्या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या शोधाचा एक मोठा टप्पाही बुरशीमुळेच गाठला गेला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९९६मध्ये ब्रुनो लमेत्र, जूल्स हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टोल नावाचं जनुक बिघडलेली फळमाशी अ‍ॅस्परजिलसने मरते. त्या मेलेल्या माशीच्या अंगावर धाग्यांचं रान माजलेलं दाखवणारं छायाचित्र मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. २०११च्या नोबेलमध्ये हॉफमन यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

आता त्या फॉर्मकडे येते.

समजा, सीरम गॅलॅक्टोमॅनन मागवलंय. अ‍ॅस्परजिलसचा धागा वाढताना ही शर्करा बाहेर सोडतो आणि रक्तात ती मोजता येते. ल्युकेमियावरच्या केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल जवळपास शून्यावर गेलेला रुग्ण असेल, तर धागे बिनविरोध रक्तवाहिन्यांमध्ये घुसतात, गॅलॅक्टोमॅनन रक्तात ओतलं जातं आणि तपासणी चांगली चालते. तोच आजार किडनी प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला झाला, की चित्र पालटतं. त्याचे न्यूट्रोफिल संख्येने भरपूर असतात. ते धाग्यांना पुरतं मारू शकत नसले तरी रक्तवाहिनीपर्यंत सहजी पोचू देत नाहीत, आणि जी शर्करा सुटते तीही बरीचशी साफ करतात. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि फुप्फुसात बुरशी वाढत राहते. अशा रुग्णात दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन शोधायला हवं. बुरशी प्रतिबंधक औषध आधीपासून चालू असेल तरी रक्ताची तपासणी अशीच फसवी ठरते. म्हणजे 'निगेटिव्ह' हा एकच शब्द दोन रुग्णांत दोन वेगळे अर्थ सांगतो, आणि कुठला अर्थ घ्यायचा हे मला फॉर्मशिवाय कळत नाही.

सीटी स्कॅनचंही तेच. गाठीभोवती धूसर कडं दिसणं, ज्याला हेलो म्हणतात, ही न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णातली सुरुवातीची खूण आहे. ते गाठीभोवती झालेल्या रक्तस्रावाचं कडं असतं. ज्याच्या पेशी शाबूत आहेत त्याच्यात हेलो दिसलं नाही म्हणून अ‍ॅस्परजिलस नाही असं म्हणणं धोक्याचं आहे.

कँडिडाचं उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. तोंडात, अन्ननलिकेत पांढरा थर धरणारी कँडिडा आणि रक्तात जाणारी कँडिडा, जात एकच असू शकते, पण तिला अडवणाऱ्या यंत्रणा वेगळ्या. ओल्या अस्तरांचं रक्षण टी पेशींमधल्या टीएच१७ पेशी इंटरल्युकिन-१७ या संदेशवाहक प्रथिनाच्या जोरावर करतात. एड्समध्ये त्या कमी होतात, तोंड पांढरं होतं, गिळताना दुखतं. पण रक्तातली कँडिडा हा त्या रुग्णांचा ठरलेला आजार नाही. सोरायसिससाठी इंटरल्युकिन-१७ रोखणारी औषधं आली तेव्हा हीच गोष्ट पुन्हा दिसली, तोंडातली कँडिडा वाढली, रक्तातली नाही. रक्त आणि अवयव सांभाळतात न्यूट्रोफिल आणि शाबूत आतडं. केमोथेरपीने आतड्याचं अस्तर सोललं गेलं, पोटाची शस्त्रक्रिया झाली, जोरदार अँटिबायोटिकं चालू आहेत आणि मानेत सेंट्रल लाइन आहे, असा अतिदक्षता विभागातला रुग्ण कँडिडाला रक्ताची वाट मोकळी करून देतो, त्याच्या टी पेशी उत्तम असल्या तरी.

म्हणून थुंकीत कँडिडा उगवली की मी रिपोर्टवर लिहिते की ही बहुधा नुसती वस्ती आहे, यावर औषध सुरू करू नका. आणि रक्ताच्या एका जरी बाटलीत यीस्ट (एकपेशीय बुरशी) दिसलं तर लेखी रिपोर्टची वाट न पाहता फोन करते. रक्तातली कँडिडा ही बाटलीत चुकून आलेली घाण कधीच मानायची नाही. लाइन काढता येत असेल तर काढायची, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, रोज पुन्हा कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून बघण्याची तपासणी) पाठवायचं आणि रक्त साफ झाल्याच्या दिवसापासून चौदा दिवस मोजायचे. मात्र ब्लड कल्चर शरीरात खोलवर असलेल्या कँडिडाच्या साधारण निम्म्याच रुग्णांत पॉझिटिव्ह येतं. पोटातल्या गळूत, यकृतात ती दडून बसली असेल तर बाटली दिवसेंदिवस स्वच्छ राहते. कँडिडा ऑरिसने आणखी एक पेच घातलाय. २००९मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ती पहिल्यांदा वर्णिली गेली. जुन्या ओळख-यंत्रांना ती कँडिडा हेम्युलोनाय वाटते, त्यामुळे असं नाव आलं की माल्डी-टॉफवर (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर) पुन्हा ओळख पटवल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. अनेक औषधांना ती दाद देत नाही आणि खाटेच्या कठड्यावरही टिकून राहते.

न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोसिस्टिसबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे निवासी डॉक्टर सर्वांत जास्त अडकतात. ही बुरशी आहे हेच मुळी १९८८मध्ये तिच्या आरएनएच्या क्रमावरून ठरलं, त्याआधी तिला प्रोटोझोआ (एकपेशीय प्राणी) समजत. नेहमीच्या प्लेटवर ती वाढत नाही. बुरशीच्या पेशीआवरणात असणारं एर्गोस्टेरॉल तिच्यात नसल्यामुळे नेहमीची बुरशीविरोधी औषधं तिच्यावर चालत नाहीत, को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लागतं. जून १९८१मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांमध्ये हाच न्यूमोनिया आढळला आणि एड्सची पहिली नोंद झाली. एचआयव्हीमध्ये सीडी४ पेशी २००च्या खाली गेल्या की ही बुरशी फुप्फुसात प्रचंड संख्येने वाढते. धुवून काढलेल्या पाण्याची स्लाइड रंगवली की घोळक्याने सिस्ट (बुरशीचे गोल कोश) दिसतात, शोधावे लागत नाहीत.

पण लिम्फोमावर (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरवर) उपचार घेणारा, महिनोन्‌महिने स्टेरॉइडवर असलेला रुग्ण बघा. त्याच्या फुप्फुसात बुरशी कमी असते आणि दाह जास्त. न्यूट्रोफिल गर्दी करतात, ऑक्सिजन वेगाने खाली येतो, आणि आजार एचआयव्हीतल्यापेक्षा जास्त जीवघेणा ठरतो. स्लाइडवर मात्र पुष्कळदा काही सापडत नाही. "मॅडम, स्लाइड निगेटिव्ह आली, मग न्यूमोसिस्टिस नाही ना?" हा प्रश्न मला अशाच रुग्णांबद्दल येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: या रुग्णात स्लाइड पुष्कळदा निगेटिव्ह येते, पीसीआर पाठवा, रक्तात बुरशीच्या भिंतीतलं बीटा-डी-ग्लुकन बघा, आणि औषध थांबवू नका. बीटा-डी-ग्लुकन जास्त आलं तरी पुन्हा प्रश्न विचारावेच लागतात. डायलिसिस चालू आहे का, इम्युनोग्लोब्युलिन दिलंय का, शस्त्रक्रियेत गॉझ ठेवलाय का? यांतूनही ते रक्तात येतं. आणि म्युकर, म्हणजे 'काळी बुरशी', असेल तर ते बहुधा वाढतच नाही.

म्युकरचा नमुना आला की प्रयोगशाळेतली बाकीची कामं बाजूला पडतात. बहुतेक वेळा तो नाक-सायनसचा तुकडा असतो, कधी मातकट, कधी काळपट, सलाइनमध्ये बुडालेला. फॉर्मालिनमध्ये पाठवला असेल तर कल्चर करता येत नाही, म्हणून हे मी आधीच फोनवर बजावून ठेवते. तुकडा ग्राइंडरमध्ये वाटायचा नाही. या बुरशीच्या धाग्यांमध्ये आडवे पडदे जवळपास नसतात, त्यामुळे एका जागी चिरडला तरी धाग्यातलं सगळं वाहून जातं आणि तो मरतो. ब्लेडने बारीक काप करायचे, एक काप स्लाइडवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्कोफ्लुअर व्हाइटचा थेंब टाकायचा, काच अलगद दाबायची. अल्कलीने माणसाच्या पेशी विरघळतात आणि बुरशीची भिंत तशीच राहते. थोड्या वेळाने फ्लुरोसन्सखाली ठेवलं की काळ्या पार्श्वभूमीवर निळसर पांढरे धागे उजळतात. अ‍ॅस्परजिलस असेल तर एकसारखी जाडी, ३ ते ६ मायक्रॉन, ठरावीक अंतरावर पडदे, आणि लघुकोनात फुटलेल्या फांद्या. म्युकर त्याच्या दुपटी-तिपटीने रुंद, कडा वाकड्यातिकड्या, फितीसारखा दुमडलेला, फांदी काटकोनाच्या आसपास. सर्जन फोनवर थांबलेले असतात. कारण हा फरक औषध ठरवतो: अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनाझोल लागू पडतं, म्युकरला अजिबात नाही, त्याला अ‍ॅम्फोटेरिसिन आणि मेलेला भाग कापून काढणं, दोन्ही लागतात. हे धागे रक्तवाहिन्या बुजवतात, आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं औषध तरी कसं पोचणार?

साखर आणि कीटोन मी विचारते ते याच बुरशीसाठी. म्युकरला वाढायला लोह लागतं. एरवी रक्तातलं लोह ट्रान्सफेरिनने घट्ट धरून ठेवलेलं असतं. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे मधुमेहात कीटोन साचून, रक्त आम्लधर्मी झालं की ती पकड सैल होते. जास्त साखरेत न्यूट्रोफिलही मंदावतात. एकाच वेळी अन्न मोकळं आणि शत्रू सुस्त. त्यात स्टेरॉइडची भर पडली की काय होतं ते कोविडच्या काळात आपण पाहिलं आहे. अशा रुग्णाचा गाल बधिर झाला, डोळ्यामागे दुखू लागलं, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी नाकाची दुर्बीण तपासणी व्हायला हवी. कल्चर पुष्कळदा उगवतही नाही, त्याच्यासाठी थांबायचं नाही.

मेंदूज्वर घडवणाऱ्या क्रिप्टोकॉकसची तपासणी यांतली सर्वांत सोपी, आणि म्हणूनच ती राहून गेल्याचं मला सर्वांत जास्त दुःख होतं. हे यीस्ट स्वतःभोवती शर्करेचं जाड कवच बांधतं, त्यामुळे भक्षक पेशींना ते धड गिळता येत नाही. तेच कवच रक्तात आणि पाठीच्या पाण्यात सुटत राहतं. त्याच्यासाठी एक पट्टी मिळते. नमुन्यात बुडवली की दहा मिनिटांत रेघ उमटते, आणि ती जवळजवळ चुकत नाही. नमुन्यात कवच अतोनात असेल तर रेघ पुसट पडते किंवा उमटतच नाही, म्हणून दाट संशय असताना आम्ही नमुना पातळ करून पुन्हा लावतो. इंडिया इंकच्या स्लाइडवर काळ्या शाईत गोल पारदर्शक वलयं दिसतात, पाहायला फार देखणी, पण यीस्ट कमी असेल तर ती हुकतात.

इथेही प्रतिकारशक्तीच निदानाला चकवते. मेंदूज्वर म्हटलं की डॉक्टर पाठीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी शोधतात. सीडी४ अगदी कमी असलेल्या रुग्णात त्या येतच नाहीत, त्यांना बोलावणारंच कुणी उरलेलं नसतं. साखर, प्रथिनं जवळपास नॉर्मल, पेशी चार-पाच, आणि तेच पाणी यीस्टने भरलेलं. पेशी कमी असणं हे या आजारात वाईट लक्षण आहे, दिलासा नव्हे. रक्तात सुटलेलं हे कवच डोकेदुखी सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधीच सापडतं. म्हणूनच सीडी४ १००च्या खाली असलेल्या प्रत्येकाची ही पट्टी-तपासणी करावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आणि उपचारही आता पूर्वीइतका जिकिरीचा राहिलेला नाही. आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या चाचणीने २०२२मध्ये दाखवलं की लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल, हे आठवडाभराच्या अ‍ॅम्फोटेरिसिनइतकंच काम करतं.

कधी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं 'नाही' येतात. साखर नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह, कुठलंही औषध नाही, धडधाकट माणूस, आणि मेंदूत बुरशी. तिथे शोध थांबवायचा नसतो, उलट तिथून तो सुरू होतो. कार्ड९ हे जनुक बिघडलेलं असेल तर डेक्टिनचा निरोप पेशीच्या आत पोचत नाही आणि कँडिडा मेंदूपर्यंत जाते. लहान मुलाच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस सापडला तर न्यूट्रोफिलची ऑक्सिजन-रेणू तयार करण्याची क्षमता तपासायलाच हवी. ही क्षमता जन्मतःच बिघडलेला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार कितीदा असाच उघडकीला येतो. काही प्रौढांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असतात, त्यांना टॅलरोमायसिस या बुरशीचा संसर्ग होतो. काहींमध्ये जीएम-सीएसएफ या अशाच दुसऱ्या प्रथिनाविरुद्ध असतात, त्यांना क्रिप्टोकॉकस. अशा रुग्णात बुरशीचं नाव कळणं ही निदानाची अर्धी बाजू झाली.

शेवटी एक गोष्ट, जी नातेवाइकांना समजावणं सर्वांत कठीण जातं. प्रतिकारशक्ती परतते तेव्हाही रुग्ण बिघडू शकतो. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल वाढले, सगळे आनंदात, आणि ताप पुन्हा चढतो, यकृतात आणि प्लीहेत बारीक गाठी दिसू लागतात. कँडिडा आधीपासून तिथे होतीच. पेशी नव्हत्या तोवर गाठ दिसायला लागणारा दाहच नव्हता. अ‍ॅस्परजिलसच्या फुप्फुसातल्या गाठी पहिल्या आठवड्यात औषध लागू पडत असतानाही मोठ्या होतात, आणि मग आत हवेची चंद्रकोर दिसते, ती पेशी परत आल्याची खूण. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात एचआयव्हीची औषधं घाईने सुरू केली तर मृत्यू वाढतात हे २०१४च्या चाचणीत स्पष्ट झालं, म्हणून चार ते सहा आठवडे थांबतात. त्यानंतरही कुणाला डोकेदुखी पुन्हा सुरू होते, आणि वॉर्डातून पट्टी-तपासणीचा दुसरा नमुना येतो. ती पॉझिटिव्हच येणार. मेलेल्या यीस्टचं कवच रक्तात महिनोन्‌महिने फिरत राहतं, त्यावरून औषध हरलं की जिंकलं ते कळत नाही. अशा वेळी मला पाठीचं पाणी कल्चरसाठी पाठवा, भरपूर पाठवा, आणि काढताना दाब मोजून फॉर्मवर लिहा. दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून तो लगेच उतरवा, माझ्या रिपोर्टसाठी थांबू नका. कल्चरमध्ये यीस्ट जिवंत निघालं तर बुरशीचं औषध वाढवायचं. दोन आठवड्यांत काहीच उगवलं नाही, तर डोकेदुखी बहुधा परतलेल्या प्रतिकारशक्तीची आहे, आणि तिचा उपचार वेगळा.